दोघंही नोकरीवर, घरात १५ महिन्यांचं बाळ : अर्धवेळ मदतीला कुणाला आणि कसं ठरवावं?

निशिगंध
बाणेरला राहतो, २ बीएचके. दोघांच्याही नोकऱ्या, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात जावंच लागतं. बाळ १५ महिन्यांचं आहे, चालायला लागलंय. दुपारी २ नंतर आजी येतात, त्यामुळे प्रश्न सकाळचाच आहे. केर-फरशी, भांडी, चौघांच्या दोन वेळच्या पोळ्या आणि ९ ते २ बाळाकडे बघणं, एवढं काम. एक ताई हे सगळं पाच तासांत, एकरकमी पगारात करायला तयार आहेत.
हे जमण्यासारखं आहे का? पगार, सुट्ट्या, कागदपत्रं कशी ठरवायची? सतत खाडे होणं आणि मध्येच काम सुटणं टाळायला सुरुवातीपासून काय करावं? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहा.

माजघर
पाच तासांत हे बसत नाही. मिनिटं मांडून बघा. २ बीएचकेचा केर पलंगाखालून काढून फरशी पुसायला ४० ते ४५ मिनिटं. रात्रीची आणि सकाळची भांडी, कुकर-कढई धरून, ३५ मिनिटं. ओटा धुतला तर आणखी १०. चौघांच्या दोन वेळच्या म्हणजे २० ते २४ पोळ्या, कणीक भिजवण्यापासून धरल्या तर ५० मिनिटं. झाले जवळजवळ अडीच तास. एवढा वेळ बाळ कुणाच्या नजरेसमोर?

ओली फरशी, तापलेला तवा, उघडं सिंक, पाण्याची बादली. नुकतं चालायला लागलेल्या मुलाला हेच सगळं धोक्याचं, आणि ते सगळं नेमकं त्याच अडीच तासांत चालू असतं. बादलीत वीतभर पाणी असलं तरी या वयाचं मूल वाकून आत पडलं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. डोकं अंगाच्या मानाने जड असतं, आणि बुडताना आवाजही होत नाही.

म्हणून बाळाला एक व्यक्ती आणि वरकामाला दुसरी, असं ठरवा. बाळ सांभाळणाऱ्या ताईंकडे फक्त बाळाचंच काम द्या: खाऊ घालणं, आंघोळ, लंगोट-डायपर, त्याच्या कपड्यांच्या घड्या, त्याची वाटी-चमचा, खेळणी आवरणं. कोथिंबीर निवडायलासुद्धा देऊ नका, कारण आज कोथिंबीर दिली की महिन्याभरात त्याची कुकर लावण्यापर्यंत मजल जाते.

रानवाट
>> बाळाला एक व्यक्ती आणि वरकामाला दुसरी

तत्त्व मान्य, पण दोन पगार प्रत्येक घराला झेपत नाहीत. एकच व्यक्ती ठेवायची तर कामाचा क्रम बदलावा लागतो. पोळ्या ८ ते ९ मध्ये, आई किंवा बाबा घरात असताना. फरशी बाळ सकाळचं झोपल्यावर. भांडी २ नंतर, आजी आल्या की. अशाने त्यांची वेळ सकाळी ८ ते दुपारी पावणेतीन होते. मग पगारही पावणेसात तासांचा द्यायचा. पाच तासांचे पैसे देऊन सातेक तासांचं काम गळ्यात घातलं, की ती व्यक्ती तीन महिन्यांत सोडून जाते. त्यात तिचा दोष नसतो.

माजघर
क्रम चांगला आहे. एकच जोडते. ज्या दिवशी बाळ झोपणार नाही त्या दिवशी फरशी राहिली तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी तोंडाने सांगा, आणि फरशी राहिली त्या दिवशी खरंच काही बोलू नका. घरी आल्यावर मालकांना फरशी दिसते, बाळाशी खेळलेला तास दिसत नाही. त्यामुळे बोलणी बसायची भीती असली की बाळ मोबाईलसमोर बसतं आणि फरशी चकचकीत होते.

चौकट
शोधायचं कुठे, यावर लिहितो. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे तुमच्याच इमारतीत आधीपासून येणाऱ्या ताई आणि त्यांच्या ओळखीतल्या बायका. एकाच इमारतीत तीन घरं असली की एका घराने सुट्टी घेतली म्हणून त्यांची फेरी फुकट जात नाही, आणि पाऊस असला तरी त्या येतात. दूरच्या वस्तीतून फक्त तुमच्या एका घरासाठी बस बदलून येणारी व्यक्ती कितीही प्रामाणिक असली तरी खाडे जास्त होणारच.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक ताईंची घरांची साखळी असते. पहिल्या घरात २० मिनिटं उशीर झाला की तो चौथ्या घरापर्यंत पोचतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ सगळ्यांनाच हवी असते. तुम्हाला वक्तशीरपणा हवा असेल तर त्यांच्या साखळीतलं पहिलं घर व्हा. वेळेचं बंधन नसेल तर शेवटचं व्हा; तिथे घाई नसते, काम निगुतीने होतं. मधल्या घराची मात्र दोन्हीकडून ओढाताण होते. बोलणी करताना "तुम्ही आमच्याआधी आणि आमच्यानंतर कुठे जाता?" हे आवर्जून विचारा.

आधीच्या घरी फोन कराल तेव्हा "चांगल्या आहेत का?" असं विचारून काही हाती लागत नाही, कुणीही हो म्हणतं. विचारायचं ते असं: किती महिने होत्या, महिन्याला साधारण किती खाडे, न येण्याचं आदल्या दिवशी कळवायच्या की काम अडल्यावर, घरातलं मूल तेव्हा किती वयाचं होतं, काम कुणी सोडलं आणि का. तान्हं बाळ सांभाळलेली व्यक्ती धावत्या मुलाला पुरी पडेलच असं नाही. तो वेगळा दम लागतो.

निशिगंध
धन्यवाद, फार उपयोगी. इमारतीतच विचारते. पगाराचं कसं? सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतोय.

हिशेबनीस
आकडे वेगळे असतात कारण काम वेगळं असतं. कुणाची फरशी रोज, कुणाची एक दिवसाआड. कुणाकडे भांडी दोन माणसांची, कुणाकडे सहा. म्हणून आकडा विचारताना काम आणि मिनिटं सोबत विचारा. तीन घरांचे दर मिळाले की ताशी दर काढा आणि आपल्या तासांनी गुणा. बाळाच्या कामाचा ताशी दर वरकामाहून जास्त धरा. जबाबदारी जास्त असते, आणि त्या वेळेत त्यांना दुसरं घर घेता येत नाही.

खाड्यांच्या हिशेबावरून सर्वाधिक वाद होतात, म्हणून उदाहरणच देतो. समजा पगार ९,००० आहे आणि आठवड्याला एक सुट्टी भरपगारी. मग एका खाड्याचे किती कापायचे? रविवार भरपगारी आहे, म्हणजे पगार महिन्याच्या सगळ्या दिवसांचा आहे. ९,००० भागिले ३०, म्हणजे ३००. बरेच जण २६ ने भागून ३४६ कापतात. त्यात रविवार भरपगारी म्हणून द्यायचा आणि प्रत्येक खाड्यामागे त्याचा थोडा भाग परत काढून घ्यायचा, असं होतं. ताईंना भागाकार मांडता आला नाही तरी पैसे कमी आल्याचं कळतं, आणि मन तिथेच उतरतं.

माझ्या मते कापाकापीपेक्षा आठवड्याच्या सुट्टीखेरीज महिन्याला दोन भरपगारी रजा द्याव्यात आणि त्या पुढच्या महिन्यात साठू द्याव्यात. उरलेल्या रजांचे पैसे दिवाळीला द्यायचे. रजा वाचवली तर पैसे मिळतात म्हटल्यावर विनाकारण खाडा होत नाही, आणि गरजेला हक्काने घेता येते. तुम्ही गावाला गेलात ते दिवस मात्र भरपगारी धरायचे. काम तुम्ही बंद ठेवलेलं असतं.

दिवाळीचा बोनस वर्ष पूर्ण झालं तर एक पगार. वर्षाच्या मध्ये लागल्या असतील तर जितके महिने झाले तितके बारांश. पाच महिने झाले आणि पगार ९,००० असेल तर ३,७५०. साडी-मिठाई त्याच्या वर, बोनसच्या बदल्यात नाही. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात पगारवाढ करा आणि तो महिना आधीच सांगून ठेवा. वाढ मागायला लागणं हेच बऱ्याच ताईंना अवघड जातं, आणि मागण्यापेक्षा त्या दुसरं घर धरतात.

पैसे बँकेत टाकणार असाल तर खातं त्यांच्याच नावावर आहे ना, ते विचारा. पुष्कळदा यूपीआयचा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि पगार त्यांच्या हातात येतच नाही. त्यांना रोख हवी असेल तर रोख द्या, वहीत तारीख टाकून दोघांच्या सह्या करा.

रानवाट
उचलीबद्दलही लिहा ना. शाळा उघडताना जूनमध्ये आणि लग्नसराईत हमखास मागणी येते.

हिशेबनीस
उचल द्यावी. नाकारली तर ती व्यक्ती जबर व्याजाच्या कर्जात जाते, आणि मग जास्त घरं धरून दमते. पण मर्यादा आधी सांगा: एका वेळी जास्तीत जास्त दीड ते दोन पगार, आणि पहिले तीन महिने पूर्ण झाल्यावर. वसुली महिन्याला पगाराच्या पावपटीपेक्षा जास्त नको. ९,००० पगारात १२,००० उचल दिली तर दरमहा २,००० प्रमाणे सहा महिने. निम्मा पगार कापायला लागलात तर घरखर्च भागत नाही, दुसऱ्या महिन्यात पुन्हा उचल मागावी लागते, आणि शेवटी फेडणं अशक्य वाटून काम सुटतं. पहिली उचल फिटेपर्यंत दुसरी नाही, अपवाद फक्त दवाखान्याचा. आणि उचल बाकी आहे म्हणून कुणाचं आधारकार्ड किंवा पासबुक अडकवून ठेवायचं नाही. कधीच नाही.

शुश्रूषा
बाळाच्या बाजूने लिहिते. लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, तेव्हा हे मनापासून सांगते.

बोलायला बोलवाल तेव्हा मुलाखतीपेक्षा अर्धा तास बाळासोबत बसू द्या आणि गप्प बघा. आल्या आल्या हात धुतात का? बाळाला एकदम उचलतात, की आधी समोर बसून त्याला जवळ येऊ देतात? भरवताना बसवून भरवतात, की मागे फिरून घास कोंबतात? मोबाईल किती वेळा बघतात? यातून जे कळतं ते दहा प्रश्न विचारून कळत नाही. प्रश्न दोनच विचारा. "रडणं थांबेनाच तर काय कराल?" आणि "पडलं, टेंगूळ आलं, तर आम्हाला कधी कळवाल?" दुसऱ्याचं उत्तर "लगेच" असायला हवं. आणि कळवल्यावर तुम्ही ओरडणार नाही, हा शब्दही तेव्हाच द्या. ओरडा बसतो म्हणून पडणं लपवलं जातं, आणि डोक्याचा मार लपला तर उपचाराचा वेळ हातचा जातो.

रुळायला किमान दहा दिवस ठेवा. पहिले तीन दिवस तुमच्यापैकी एक जण पूर्ण वेळ घरात, बाळाचं सगळं ताईंच्या हातून, तुम्ही फक्त जवळ. चौथ्या-पाचव्या दिवशी तासभर बाहेर. मग दोन तास, मग अर्धा दिवस. निघताना बाळाला सांगून निघा. नजर चुकवून सटकलं की ते दिवसभर दाराकडे बघत राहतं आणि ताईंना चिकटायला वेळ लागतो. या दहा दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा.

खाण्याबद्दल. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या घरात खालच्या कप्प्यात नकोत. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. गाजर-सफरचंद किसून किंवा शिजवून. घास अडकला आणि बाळ खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग बेंबीच्या वर पोटावर आत-वर असे पाच दाब, आलटून-पालटून. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नसतो, छातीवर द्यायचा असतो. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायची नाही, ती आणखी आत सरकते. हे ताईंना बाहुलीवर करून दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. नुसतं सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही.

औषध. घरात पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप दोन्ही असतील तर एक काढून टाका. थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपटीहून तीव्र. "चमचाभर दे" असं फोनवर सांगितलं आणि हाताला थेंबांची बाटली लागली, तर दहा किलोच्या बाळाला एका वेळच्या मात्रेच्या तिप्पट औषध जातं. म्हणून एकच बाटली, तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर किंवा माप, आणि फोन केल्याशिवाय औषध नाही. बाकीची औषधं कुलपात, खोकल्याची आणि सर्दीचीसुद्धा.

जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पुडी अर्धी वापरून पेल्यात कालवायची नाही, प्रमाण चुकतं. केलेलं २४ तासांत संपवा, उरलेलं ओतून द्या.

निशिगंध
शुश्रूषा, मनापासून आभार. हे छापून फ्रीजवर लावते. आम्ही दिवसभर नसताना सगळं ठीक चाललंय हे कसं कळावं? कॅमेरा लावू का?

शुश्रूषा
कॅमेरा लावायचा तर ताईंना सांगून आणि दाखवून. बैठकीत आणि बाळ खेळतं त्या खोलीत. न्हाणीघर, कपडे बदलायची जागा, त्या विसावा घेतात ती जागा, इथे अजिबात नाही. चोरून लावलेला कॅमेरा कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळला की त्या दिवशीच संबंध संपतो.

कॅमेऱ्यापेक्षा वही जास्त सांगते. एका पानावर पाच रकाने: खाल्लं काय आणि किती, झोप कितीपासून कितीपर्यंत, शू-शी किती वेळा, पडलं-लागलं, आणि इतर. लिहिता येत नसेल तर खुणा किंवा आवाजी संदेश. पाच तासांत साधारण दोन डायपर ओले होतात. एकच आणि तोही जड असेल तर बदललेला नाही. एखाद-दुसरा दिवस सोडा, पण सलग काही दिवस बाळ दुपारी २ ला हावरटासारखं खातंय, त्या व्यक्तीला बघून अंग चोरतंय, अंगावर न सांगितलेले वळ आहेत किंवा ते दुपारभर गुंगीत आहे, तर थांबू नका. डॉक्टरकडे न्या आणि काम थांबवा. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८ आहे.

माजघर
दाराची एक गोष्ट राहिली. बाहेरचं दार ओढलं की आपोआप बंद होणारं लॅच असेल तर ताई कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर गेल्या आणि दार लागलं, असं सर्रास होतं. बाळ आत, गॅसवर दूध. जादा किल्ली शेजारी ठेवा, आणि मूल घरात असताना लॅच वर करून ठेवायची सवय लावा. न्हाणीघराची आणि बेडरूमची आतली कडी बाळाच्या हाताला येणार नाही इतकी वर बसवून घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद कसा करायचा, मेन स्विच कुठला, हे हात लावून दाखवा. दारामागे मोठ्या अक्षरात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा, शेजाऱ्यांचा नंबर आणि स्वतःच्या घराचा पूर्ण पत्ता. पत्ता का, तर घाबरल्यावर फ्लॅट नंबर आणि विंग सांगता येत नाही.

कामगार_कट्टा
कागदपत्रांचं आणि कायद्याचं थोडक्यात.

ओळख: आधारची प्रत घ्या. त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन केला की कार्ड खरं आहे का ते कळतं. प्रतीवर "फक्त घरकामाच्या नोंदीसाठी" आणि तारीख लिहा. ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. पोलीस ठाण्यात घरकामगाराची माहिती द्यायची असते ती द्या, पण त्यांना आधी सांगून, आणि इमारतीत सगळ्यांचीच देतो हे समजावून. पडताळणीत आधीचा गुन्हा कळू शकतो, स्वभाव कळत नाही. तेव्हा आधीच्या घरचा फोन टाळू नका.

वय: १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ खालच्या मुलांना कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. हे इथे लिहायचं कारण म्हणजे मे महिना. आई आजारी पडली की शाळेला सुट्टी असलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी बदली म्हणून येते. तिच्याकडून भांडी घासून घेणं म्हणजे बालकामगार ठेवणंच. बाळ तिच्या कडेवर देणं तर दोघा मुलांसाठी धोक्याचं. तिला खाऊ देऊन घरी पाठवा आणि आईची ती रजा भरपगारी धरा, म्हणजे मुलीला पाठवायची वेळ येणार नाही.

नोंदणी: महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ खाली १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. आधार, बँक पासबुक, फोटो आणि तुमच्याकडे काम करतात असं तुमचं पत्र लागतं. हे पत्र द्यायला बरेच मालक घाबरतात, आपल्यावर काही देणं बसेल म्हणून. पत्राने तुमच्यावर कसलाही हप्ता बसत नाही, तेव्हा निःशंक द्या. बांधकाम कामगारांचं मंडळ वेगळं आहे. त्याचा फॉर्म भरून पैसे उकळणारे दलाल फिरतात, तेवढं सांगून ठेवा. ई-श्रम कार्ड नसेल तर तेही काढून द्या, त्याला वयाची अट १६ ते ५९.

विमा आणि पेन्शन: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योती वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख, वय १८ ते ५०. दोन्ही मिळून वर्षाला ४५६. हे तुम्हीच भरा. वय ४० पर्यंत असेल तर श्रमयोगी मानधन योजनाही बघा: वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. मूल शाळेत जाईपर्यंत टिकणाऱ्या माणसाला हे तुमच्याकडून मिळालं तर त्याचं मोल मोठं आहे.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. घरातल्या पुरुषांना आणि पाहुण्यांना हे माहीत असायला हवं.

ठाणेकरीण
इथे वेगळी अडचण म्हणजे लोकल. दिवा-कळव्याहून येणाऱ्या ताईंचं रविवारी मेगाब्लॉकमुळे अडतं, म्हणून आठवड्याची सुट्टी रविवारचीच ठेवावी. आणि वर्षाच्या सुरुवातीला दोघींनी कॅलेंडर घेऊन बसावं. कोकणातल्या ताई गणपतीला आणि शिमग्याला जाणारच. सातारा-वाई भागातल्या पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीला. मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात लग्नांना. उत्तरेकडच्या छटपूजेला. हे दिवस आधी कळले की आपली रजा त्याला जुळवता येते. ऐन वेळी कळलं की दोन्हीकडे चिडचिड.

बदलीची सोयही आधीच लावा. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या ताईंना वरकामाची बदली म्हणून दिवसाचा दर ठरवून ठेवा. तो नेहमीच्या दरापेक्षा जास्त असतो, आणि रजा भरपगारी असेल तर तो आपण द्यायचा. बाळासाठी मात्र अनोळखी बदली नको. जवळच्या पाळणाघरात महिन्यातले एक-दोन दिवस नाव घालून ठेवा, म्हणजे बाळाला ती जागा परकी राहत नाही. आणि ऑफिसात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे. एचआरला लेखी विचारा.

निशिगंध
एजन्सीवाल्यांनीही फोन केला होता. एका महिन्याचा पगार फी, आणि वर्षभरात बदलून देऊ म्हणतात. घ्यावं का?

चौकट
घाई असेल तर घ्या, पण आधी चार गोष्टी लेखी. ताईंच्या हातात नक्की किती पडतात आणि मधले किती एजन्सीचे. बदली किती दिवसांत, आणि त्या दिवसांचे पैसे कोण देणार. आधीच्या दोन घरांचे नंबर एजन्सी देणार का. ताईंची मूळ कागदपत्रं एजन्सीने ठेवून घेतलीत का. घेतली असतील तर तिथूनच परत फिरा. "वर्षभरात कितीही वेळा बदलून देऊ" हे ऐकायला छान वाटतं, पण बाळाला दर दोन महिन्यांनी नवा चेहरा म्हणजे रुळण्याचे दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा फीएवढीच रक्कम पगारात वर्षभर विभागून घातली तर इमारतीतल्या चांगल्या ताई मिळतात.

माजघर
शेवटी कागदावर काय लिहायचं, त्याचा नमुना देते. साधी मराठी, एक पान, दोन प्रती. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि त्यांच्या फोनवर आवाजात ध्वनिमुद्रित करून द्या.

"काम: बाळ सांभाळणे. वेळ सकाळी ९ ते दुपारी २, सोमवार ते शनिवार. बाळाचे खाणे, आंघोळ, कपडे, खेळणी. घरातले दुसरे काम नाही. पगार दरमहा ____, महिन्याच्या १ तारखेला. रविवार भरपगारी सुट्टी, शिवाय महिन्याला २ भरपगारी रजा, शिल्लक रजांचे पैसे दिवाळीला. २ नंतर थांबावे लागले तर दर अर्ध्या तासाला ____. आजारी असल्यास येऊ नये, पगार कापला जाणार नाही. रजा आदल्या रात्री ८ पर्यंत कळवावी. दिवाळीला एक पगार बोनस. पगारवाढ दर वर्षी एप्रिलमध्ये. काम सोडताना किंवा थांबवताना दोघांनीही १५ दिवस आधी सांगावे. आम्ही सांगितले नाही तर १५ दिवसांचा पगार देऊ. दुपारचे जेवण, चहा, पंखा, बाथरूम घरातल्यांप्रमाणे."

"२ नंतर थांबावे लागले तर" ही ओळ गाळू नका. आजींची बस चुकली, तुमची मीटिंग लांबली, आणि ताईंचं पुढचं घर अडीचला असतं. महिन्यातून पाच-सहा वेळा फुकट थांबावं लागलं की त्या तुमचं घर सोडतात, पुढचं नाही.

रानवाट
"आजारी असल्यास येऊ नये" हेही फार महत्त्वाचं. पगार कापायच्या भीतीने ताप-सर्दी अंगावर काढून येतात आणि दोन दिवसांत बाळ आजारी पडतं.
बाथरूमच्या ओळीबद्दल विशेष धन्यवाद. सहा घरं करणाऱ्या बाईला एकाही घरात बाथरूम वापरू देत नसतील तर ती दिवसभर पाणी पीत नाही, आणि मग लघवीच्या जळजळीने खाडे होतात.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते असं: इमारतीतल्याच ताई वरकाम आणि पोळ्यांना साडेसात ते दहा, आणि बाळासाठी दुसऱ्या ताई ९ ते २. फक्त ९ ते १० दोघी एकत्र असतील, आणि आमच्यापैकी एक जण साडेनऊपर्यंत घरी. चालेल ना?

माजघर
चालेल. त्या एका तासात बाळ आणि त्याच्या ताई खाली बागेत किंवा दुसऱ्या खोलीत, दार लावून. फरशी वाळेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, बैठकीत यायचं नाही. बादली रिकामी करून पालथी घातली का, ते निघण्याआधी वरकामाच्या ताईंनी बाळाच्या ताईंना दाखवायचं.